डॅन नदीपलीकडे : जनरल ग्रीन यांच्या माघारीचा प्रकरण अभ्यास (जानेवारी-फेब्रुवारी १७८१)

अमेरिकी क्रांतियुद्धात सैन्याने नदी ओलांडल्याचा प्रसंग म्हटला की २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांनी डेलावेअर ओलांडून ट्रेंटनवर घातलेला छापाच बहुतेकांना आठवतो. त्याच युद्धाच्या उत्तरार्धात, दक्षिणेकडील कॅरोलायना प्रांतांत, पायात धड जोडे नसलेल्या एका सैन्याने कटॉबा, याडकिन आणि डॅन या तीन नद्या इंग्रजांना मागे टाकत ओलांडल्या आणि १४ फेब्रुवारी १७८१ रोजी व्हर्जिनियाची भूमी गाठली. शेवटच्या टप्प्यात एकही मोठी लढाई झाली नाही, त्यामुळे हे प्रकरण अमेरिकेबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. जिथे त्याची चर्चा होते तिथेही ऐन वेळी पडलेल्या पावसाला आणि फुगलेल्या नद्यांना निम्मे श्रेय देऊन लोक मोकळे होतात. हे श्रेय मला पटत नाही, कारण पाऊस दोन्ही सैन्यांवर सारखाच पडत होता. होड्या मात्र एकाच बाजूकडे होत्या, आणि त्या योगायोगाने आलेल्या नव्हत्या.

पार्श्वभूमी

१६ ऑगस्ट १७८० रोजी कॅम्डेन येथे जनरल होरेशियो गेट्स यांचा दारुण पराभव झाला आणि दक्षिण विभागातील अमेरिकी सैन्य जवळजवळ मोडून पडले. त्यांच्या जागी वॉशिंग्टन यांनी नथॅनिएल ग्रीन यांची निवड केली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रीन यांनी उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे सूत्रे हाती घेतली. ऱ्होड आयलंडच्या क्वेकर (युद्धाला विरोध करणारा एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबात जन्मलेला, घरच्या लोखंडाच्या भट्टीत काम केलेला, किंचित लंगडत चालणारा आणि दम्याने बेजार असलेला हा माणूस १७७८ ते १७८० या काळात संपूर्ण सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल होता. गाड्या, बैल-घोडे, दाणावैरण, तंबू आणि वाहतूक पाहण्याचे हे काम त्यांनी नाखुशीनेच पत्करले होते, कारण त्यात कोणालाही कीर्ती मिळत नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ मात्र या नावडत्या दोन वर्षांत आहे, असे मला वाटते.

शार्लटला आल्यावर रणनीतीचा मोठा आराखडा मांडण्यापूर्वी त्यांनी नद्यांची पाहणी करवून घेतली. याडकिनची जबाबदारी जनरल एडवर्ड स्टीव्हन्स यांच्याकडे आणि कटॉबाची थॅडियस कॉश्चुश्को या पोलिश अभियंत्याकडे देण्यात आली. (पुढे १७९४ मध्ये पोलंडच्या उठावाचे नेतृत्व करणारे कॉश्चुश्को ते हेच.) डॅन नदीचे काम लेफ्टनंट कर्नल एडवर्ड कॅरिंग्टन यांच्यावर सोपवले गेले. पाणी कोठे किती खोल आहे, प्रवाहाला ओढ किती आहे, पात्रात खडक कोठे आहेत, पायी ओलांडता येईल असा उतार कोठे मिळतो, कोणत्या काठावर किती नावा आहेत आणि एका घाटापासून दुसऱ्या घाटापर्यंतची वाट कशी आहे, अशी माहिती त्यांना हवी होती. सपाट तळाच्या नावा बांधाव्यात आणि गरज पडल्यास त्या चाकांवर घालून सैन्यासोबत नेता याव्यात, अशीही त्यांची सूचना होती. त्या वेळी माघारीचा प्रश्नही उद्भवलेला नव्हता. या नद्या रसद वाहण्यासाठी उपयोगी पडतील का, एवढाच सुरुवातीचा विचार असावा, पण एकदा हाती आलेली माहिती दोन्ही कामांना चालते.

या प्रदेशाची रचना समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. ॲपलॅचियन डोंगररांगांमधून निघणाऱ्या या नद्या आग्नेयेकडे किंवा पूर्वेकडे वाहत जातात, त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या सैन्याला त्या एकामागून एक आडव्या येतात. वरच्या अंगाला पात्र उथळ व खडकाळ असल्याने पायी ओलांडता येईल असे उतार सापडतात. खालच्या अंगाला पाणी खोल होत जाते आणि तेथे तरीच्या नावेशिवाय गत्यंतर नसते. पूल जवळजवळ नव्हतेच. हिवाळ्यात डोंगरात पाऊस झाला की चोवीस तासांत उतार बुडतात आणि पाऊस थांबला की दोन-तीन दिवसांत पुन्हा मोकळे होतात. या चढउतारावर भरवसा ठेवणारा सेनापती हवामानाचा गुलाम होतो, तर नाव बाळगणाऱ्याला बरीच मोकळीक मिळते.

पाठलागाला सुरुवात

डिसेंबरअखेर ग्रीन यांनी आपले तुटपुंजे सैन्य दोन भागांत विभागले. डॅनियल मॉर्गन यांना पश्चिमेकडे धाडून ते स्वतः पी डी नदीकाठी चेराजवळ तळ ठोकून राहिले. बलाढ्य शत्रूसमोर सैन्य विभागणे हे युद्धशास्त्राच्या रूढ नियमांविरुद्ध होते. परंतु दोघांना एकाच ठिकाणी पोटभर अन्न मिळणे शक्य नव्हते, आणि इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस यालाही त्यामुळे आपले सैन्य विभागावे लागले. १७ जानेवारी १७८१ रोजी काउपेन्स येथे मॉर्गन यांनी बनास्टर टार्लटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पथकाचा धुव्वा उडवला आणि पाचशेहून अधिक कैदी ताब्यात घेतले. मॉर्गन विजय साजरा करीत बसले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी कैद्यांसह कूच केले आणि कॉर्नवॉलिस गाठण्यापूर्वीच कटॉबा ओलांडली.

आपले हलके पायदळ गमावलेल्या कॉर्नवॉलिसने रॅमसूर्स मिल येथे २५ जानेवारीच्या सुमारास एक विलक्षण निर्णय घेतला. वेगासाठी त्याने जवळजवळ सगळे जड सामान जाळून टाकले. दारूगोळा, मीठ, औषधे आणि आजारी यांच्यापुरत्या गाड्या ठेवून बाकीच्या गाड्या, तंबू आणि अधिकाऱ्यांचे सामान पेटवून दिले, स्वतःच्या सामानापासून सुरुवात केली, आणि सैनिकांची रमची पिंपेही फोडली. सुमारे अडीच हजारांचे हे सैन्य आता उघड्यावर झोपणार होते आणि वाटेत मिळेल त्यावर जगणार होते. धाडस म्हणून हे मोठेच होते. पण ज्या सेनापतीला पुढे तीन नद्या ओलांडायच्या आहेत त्याने नावा जमवण्याऐवजी गाड्या जाळाव्यात, यात त्याच्या विचाराची दिशा दिसते. नद्या कोठेतरी चालून ओलांडता येतील, असे तो गृहीत धरून होता.

मराठी वाचकाला हा गृहस्थ परका नाही. दहा वर्षांनी, मे १७९१ मध्ये, गव्हर्नर जनरल या नात्याने तो टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणाच्या तोंडाशी पोहोचला, तेव्हा पाऊस, कावेरीचे पाणी, मरून पडलेले बैल आणि संपलेली रसद यांच्यापुढे त्याला मागे फिरावे लागले. वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या, आणि परतीच्या वाटेवर मेलकोट्याजवळ हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या, तेव्हा मराठ्यांच्या छावणीतील बाजाराने त्याच्या उपाशी सैन्याला धान्य विकले, अर्थात चढ्या भावाने. कॅरोलायनात त्याला असा बाजार भेटला नाही.

कटॉबा आणि याडकिन

काउपेन्सची बातमी कळताच ग्रीन यांनी मुख्य सैन्य आयझॅक ह्यूजी यांच्या हवाली केले आणि मोजक्या स्वारांसह, शत्रुपक्षाच्या सहानुभूतीदारांनी भरलेल्या मुलखातून सुमारे १२५ मैल दौडत, जानेवारीअखेर मॉर्गन यांना कटॉबाकाठी गाठले. कॉर्नवॉलिसने सामान जाळल्याचे समजल्यावर त्यांनी या घटनेतील संधी ओळखली. त्याला तळापासून जितके दूर ओढता येईल तितके ओढायचे, असे त्यांनी ठरवले. तेथून ही माघार योजनापूर्वक होऊ लागली.

१ फेब्रुवारीच्या पहाटे काउअन्स फोर्ड येथे इंग्रजांनी कटॉबा ओलांडली. हा प्रसंग थोडा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण नावेविना नदी ओलांडण्याची किंमत तेथे दिसते. पात्र सुमारे पाचशे यार्ड रुंद होते, पाणी कमरेच्या वर होते आणि तळाशी गुळगुळीत खडक होते. सैनिकांनी काडतुसांच्या पेट्या मानेजवळ उंच बांधल्या होत्या, बंदुका भरलेल्या नव्हत्या, आणि तोल सावरण्यासाठी हातात लांब काठ्या होत्या. म्हणजे पैलतीरावर पोहोचेपर्यंत गोळीला गोळीने उत्तर देणे शक्यच नव्हते. उतार मध्यावर दोन वाटांत फुटत होता. वाटाड्या अंधारात निसटल्यामुळे इंग्रज तिरकस जाणाऱ्या उथळ वाटेऐवजी सरळ, खोल वाटेने गेले आणि अमेरिकी पहाऱ्याचा मुख्य भाग उथळ वाटेच्या तोंडावर होता. चुकीची वाट त्यांच्या पथ्यावर पडली. तरीही घोडे आणि माणसे वाहून गेली, आणि कॉर्नवॉलिसच्या घोड्याला लागलेली गोळी इतकी जिव्हारी होती की काठ चढल्यावर तो कोसळला. अमेरिकी बाजूला जनरल विल्यम ली डेव्हिडसन ठार झाले आणि त्यांची मिलिशिया (स्थानिक नागरिकांची तात्पुरती फौज) पांगली.

याडकिनकाठी ट्रेडिंग फोर्डला दोन दिवसांत याच्या नेमके उलट घडले. पावसाने उतार बुडाला होता, म्हणजे निसर्गाने दोघांचीही वाट बंद केली होती. पण ग्रीन यांच्या आदेशानुसार तेथे नावा गोळा करून ठेवलेल्या होत्या. २ आणि ३ फेब्रुवारीच्या दरम्यान मॉर्गन यांचे पायदळ नावांतून गेले, घोडे पोहत गेले आणि नावा पैलतीरावर बांधल्या गेल्या. ब्रिगेडियर चार्ल्स ओहारा याची बिनीची तुकडी पोहोचली तेव्हा तिच्या हाती मागे राहिलेल्या काही गाड्या लागल्या. तोफा आल्यावर इंग्रजांनी नदीपलीकडे गोळे टाकले, पण त्यातून फारसे काही साधले नाही. कॉर्नवॉलिसला वरच्या अंगाला शॅलो फोर्डपर्यंत वळसा घालावा लागला आणि त्यात त्याचे मोलाचे दिवस गेले.

निर्णय : गिल्फर्ड कोर्टहाऊस

९ फेब्रुवारीपर्यंत मॉर्गन आणि ह्यूजी यांची पथके गिल्फर्ड कोर्टहाऊस येथे एकत्र आली. ग्रीन यांनी तेथे युद्धसभा बोलावली. एकूण सैन्य दोन हजारांच्या आसपास होते, त्यांतील नियमित पायदळ १,४२६, आणि मिलिशियाची अपेक्षित कुमक आलेली नव्हती. कॉर्नवॉलिस सालेमजवळ, सुमारे पंचवीस मैलांवर होता. लढू नये, यावर सभेत एकमत झाले. कंबरेच्या दुखण्याने घोड्यावर बसणेही अशक्य झालेले मॉर्गन दुसऱ्या दिवशी घरी परतले.

प्रश्न डॅन कोठे ओलांडावी हा होता. वरचे उतार जवळ होते आणि तेथे नावांची गरज नव्हती, परंतु कॉर्नवॉलिस त्यांना ग्रीन यांच्याइतकाच किंवा अधिकच जवळ होता. खालच्या अंगाला इर्विन्स फेरी आणि बॉइड्स फेरी हे तरीचे घाट सुमारे सत्तर मैलांवर होते. तेथे पोहोचून नावा नसल्या, तर पाठीशी खोल नदी आणि समोर शत्रू अशी कोंडी झाली असती, आणि दक्षिणेत क्रांतिकारकांचे संघटित सैन्य बहुधा उरलेच नसते. कॉर्नवॉलिसच्या हेरांनी खालच्या घाटांवर सैन्य नेण्याइतक्या नावा नाहीत, असे त्याला कळवले होते, त्यामुळे ग्रीन वरच्या उतारांकडेच जातील, असा त्याने अंदाज बांधला. त्या मुलखात नावा विखुरलेल्या होत्या, त्यामुळे माहिती वरकरणी खोटी नव्हती. कॅरिंग्टन यांनी त्या शोधून ठेवल्या आहेत आणि काही दिवसांत एका जागी आणता येतील, हे मात्र तिच्यात नव्हते. कॅरिंग्टन यांनी तसा शब्द दिला आणि ग्रीन यांनी सगळे सैन्य त्या शब्दावर पणाला लावले. जुगार म्हणून त्याचे वर्णन करणे सोपे आहे, पण डिसेंबरमध्ये केलेल्या पाहणीचे कागद हाती असताना त्यांना अज्ञातात उडी घ्यावी लागत नव्हती.

चार दिवस

१० फेब्रुवारीला मुख्य सैन्य खालच्या घाटांकडे निघाले. त्याच वेळी ओथो हॉलंड विल्यम्स यांच्या हाताखाली सुमारे सातशे निवडक लोकांचे हलके पथक वेगळे काढण्यात आले. त्यात विल्यम वॉशिंग्टन यांचे घोडदळ आणि हेन्री ली यांचा रिसाला होता. (पुढच्या शतकातील यादवी युद्धात गाजलेले रॉबर्ट ली हे त्यांचे चिरंजीव.) या पथकाने कॉर्नवॉलिस आणि ग्रीन यांच्या मधोमध राहून डिक्सेस फेरीच्या, म्हणजे वरच्या घाटाच्या रोखाने चालायचे होते, म्हणजे मुख्य सैन्यही तिकडेच जात आहे असा शत्रूचा समज होईल.

मराठी बखरींतील चंदावलीची, म्हणजे सैन्याची पिछाडी सांभाळणाऱ्या तुकडीची, आठवण यावी असे हे काम होते, आणि ते किती पिळवटून टाकणारे होते याची कल्पना दिनक्रमावरून येते. अचानक हल्ल्याच्या धास्तीने निम्मे पथक रोज रात्री पहाऱ्यावर असे, त्यामुळे एका सैनिकाच्या वाट्याला अठ्ठेचाळीस तासांत जेमतेम सहा तास झोप येई. पहाटे तीनच्या सुमारास कूच करून शत्रूपासून थोडे अंतर मिळवायचे, आणि त्या अंतरात दिवसातील एकमेव जेवण शिजवायचे. रात्री गोठलेला लाल मातीचा रस्ता दिवसा चिखल होई. मुख्य सैन्यातील अनवाणी सैनिकांच्या पायांचे रक्त जमिनीवर उमटत होते, असे ग्रीन यांनीच लिहिले आहे.

दोन-तीन दिवस हुलकावणी टिकली. ग्रीन पूर्वेकडे सटकले आहेत हे लक्षात आल्यावर कॉर्नवॉलिस त्याच रस्त्याला लागला आणि विल्यम्सही मग मुख्य सैन्याच्या वाटेवर आले. १३ फेब्रुवारीला ली यांचा एक कोवळा बिगुलवाला, जवळ धड शस्त्र नसताना, इंग्रज स्वारांकडून मारला गेला. संतापलेल्या ली यांनी उलटून हल्ला केला आणि त्या तुकडीतील अठरा जण कापून काढले. त्या संध्याकाळी पुढे शेकोट्या दिसू लागल्या. ग्रीन यांचे सैन्य अजून अलीकडेच अडकले आहे असे समजून विल्यम्स यांच्या लोकांचे धाबे दणाणले, आणि मुख्य सैन्याला वेळ मिळावा म्हणून तेथेच फिरून लढत मरण्याची त्यांनी मनाची तयारी केली. जवळ गेल्यावर कळले की ग्रीन यांनी तो मुक्काम आधीच हलवला होता आणि आसपासच्या लोकांनी विस्तव जागता ठेवला होता.

१४ तारखेला दुपारच्या सुमारास एक स्वार समोरून चिठ्ठी घेऊन आला. गाड्यांपैकी बहुतेक पार झाल्या असून सैन्य ओलांडत आहे, असा तिचा मजकूर होता. विल्यम्स यांच्या लोकांनी केलेला जल्लोष मागच्या इंग्रज तुकड्यांनाही ऐकू गेला असे सांगतात. साडेपाच वाजता ग्रीन यांनी इर्विन्स फेरीहून दुसरी चिठ्ठी लिहिली : सगळे सैन्य पार झाले आहे आणि तुमच्या स्वागतासाठी मी तयार आहे.

या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. नावा मोजक्या असल्या की सैन्य पार होण्याचा वेळ खेपांवर अवलंबून राहतो, आणि खेपा कितीही घाई केली तरी एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीत. म्हणून सर्वांत मंद गोष्ट, म्हणजे गाड्या आणि सामान, आधी न्यावे लागते. मग पायदळ जाते आणि हलके पथक सर्वांत शेवटी येते. विल्यम्स यांनी हुलकावणीने मिळवलेला वेळ या खेपांत खर्च झाला. नावा नसत्या तर तो वेळ वाया गेला असता, आणि विल्यम्स नसते तर नावा इंग्रजांच्या हाती पडल्या असत्या. कॅरिंग्टन आणि विल्यम्स यांपैकी एकालाच श्रेय देणारे वर्णन म्हणूनच अपुरे वाटते.

विल्यम्स यांचे पायदळ शेवटच्या सोळा तासांत चाळीस मैल चालून सूर्यास्ताच्या सुमारास पार झाले. ली यांचे स्वार रात्री आठ-नऊच्या दरम्यान घाटावर पोहोचले. स्वारांनी हत्यारे आणि खोगीर घेऊन नावांत बसायचे आणि घोडे पाण्यात सोडायचे, अशी व्यवस्था होती. काही घोडी पाण्याला बुजून मागे फिरली आणि काठावरच्या झाडीत पळाली, आणि ती हातची गेली की काय अशी थोडा वेळ भीती वाटली. शेवटी ती पकडून आणून पुन्हा नदीत लोटण्यात आली आणि आधी गेलेल्या घोड्यांमागून ती पार झाली. शेवटच्या नावेत ली, त्यांची मागची तुकडी आणि ग्रीन यांच्या सैन्याचे क्वार्टरमास्टर कॅरिंग्टन होते. क्वार्टरमास्टरने सर्वांत शेवटी काठ सोडावा, हे मला त्या सबंध मोहिमेला साजेसे वाटते. ओहाराची बिनीची तुकडी आली तेव्हा काठावर एकही नाव नव्हती आणि पाणी चालून ओलांडण्याजोगे नव्हते. सात-आठ महिन्यांनी यॉर्कटाऊनला पराभूत सैन्याच्या वतीने शरणागतीची तलवार पुढे करण्याची वेळ याच ओहारावर आली.

मूल्यमापन

या योजनेची किंमतही मांडली पाहिजे. उत्तर कॅरोलायना काही काळ पूर्णपणे इंग्रजांच्या हवाली झाला. कॉर्नवॉलिसने हिल्सबरोला जाऊन राजाचा झेंडा उभारला, राजनिष्ठांना हाक दिली, आणि ग्रीन यांच्या बाजूच्या लोकांना आपल्याला वाऱ्यावर सोडले असे वाटण्याला पुरेसे कारण होते. कैदी वाचले आणि सैन्यही वाचले, पण मुलूख गेला. ग्रीन यांनी हा हिशेब जाणूनच केला होता, कारण मुलूख परत घेता येतो आणि प्रशिक्षित सैन्य पुन्हा उभे करायला वर्षे लागतात. खुद्द टार्लटननेही पुढे कबूल केले की कटॉबापासून व्हर्जिनियापर्यंत अमेरिकनांचे प्रत्येक पाऊल विचारपूर्वक आखलेले आणि जोमाने अमलात आणलेले होते.

इंग्रजांच्या बाजूने पाहिले तर कॉर्नवॉलिस डॅनकाठी पोहोचला तेव्हा आपल्या तळापासून दोनशेहून अधिक मैल दूर होता. त्याच्या सैन्याकडे तंबू नव्हते, जोडे झिजले होते आणि त्या भागातील धान्य दोन्ही सैन्यांनी आधीच उचललेले होते. वरच्या उतारांनी डॅन ओलांडण्याचा पर्याय त्याला उरला होता, पण पलीकडे ग्रीन यांना व्हर्जिनियाची रसद आणि कुमक मिळणार, हे तोही जाणून होता. तो परत फिरला.

ग्रीन यांना पलीकडे थांबावे लागले ते आठवडाभरच. नावा त्यांच्याच काठावर असल्याने परत येण्याची वेळ त्यांना निवडता आली. १८ फेब्रुवारीला ली यांचा रिसाला डॅन ओलांडून दक्षिणेला उतरला आणि २२ तारखेच्या सुमारास खुद्द ग्रीन सैन्यासह मागोमाग आले. ली यांच्या स्वारांनी राजनिष्ठांच्या एका पथकाची गफलतीत कत्तल केल्यावर कॉर्नवॉलिसच्या झेंड्याखाली येणाऱ्यांचा ओघ आटला. १५ मार्चला, कुमक मिळाल्यावर, ग्रीन यांनी गिल्फर्ड कोर्टहाऊसलाच लढाई दिली. रणांगण इंग्रजांकडे राहिले, परंतु सुमारे १,९०० लोकांपैकी ९३ ठार, ४१३ जखमी आणि २६ बेपत्ता अशी त्यांची हानी झाली. पाठलाग करण्याचे त्राण न उरलेला कॉर्नवॉलिस जखमींना घेऊन विल्मिंग्टनच्या बंदराकडे वळला, कारण त्याच्या सैन्याला जोडे आणि अन्न समुद्रमार्गेच मिळू शकत होते.